वळताना माहिती, बांधताना गोष्ट

प्रिय अण्णा,

सप्रेम जयभीम. धाकट्या बहिणीने थोरल्या भावाला काही सुनावावे, अशी आपल्या घरची रीत नाही. त्यातून मी तर पाहुणे आले की स्वयंपाकघराच्या दाराआड जाणारी. म्हणून या पत्राच्या धाडसाबद्दल आधीच क्षमा मागते. फोनवर मला हे जमले नसते. तू "हं, बोल" म्हटले असतेस आणि मी "काही नाही" म्हणून फोन आईच्या हाती दिला असता. मंगळवारी तू तिला सांगितलेस की रविवारी मुलीकडचे पाहुणे पुण्याहून निपाणीला येतील, तेव्हा सूप, तंबाखू, पानांची गठडी सारे जयाबाईंच्या घरी हलवावे. कामाला बसणाऱ्या बायकांना त्या दिवशी येऊ नका म्हणावे. आणि कोणी विचारलेच तर "घरीच असते" एवढे सांगावे. आई "व्हय रं बाळा" म्हणाली आणि पुन्हा बिडी वळू लागली. त्याविषयीच मला लिहायचे आहे. पण त्याआधी या घरातले एक वर्ष तुला सांगायला हवे, कारण ते तुला कोणीच सांगितलेले नाही.

गेल्या डिसेंबरात वाचनालयात ऑडिओबुकांचा विभाग सुरू झाला. सभासदाला एका वेळी चार पुस्तके पेनड्राइव्हवर पंधरा दिवसांसाठी मिळतात. यादी पाहताना मला आपली पडवी आठवली. तिथे आई, जयाबाई, रुक्माबाई आणि आणखी चौघी दिवसभर बसतात. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, कान मात्र मोकळे. जयाबाईंकडे लहानसा लाल स्पीकर होताच. मी मोठ्या अभिमानाने चार पुस्तके निवडून आणली: दोन बोधकथांची, एक घरगुती औषधांचे, एक संसार सुखाचा कसा करावा याचे. तिसऱ्या दिवशी रुक्माबाई म्हणाल्या, "सुविधा, तू मराठी शाळेतनं तालुक्यात पयली आलीस न्हवं? मग आमाला का गं बालवाडीत घातलीस?" सगळ्या हसल्या. मीही हसले, पण कान तापले होते. ज्या बायकांच्या मांडीशेजारी बसून मी अभ्यास केला, त्यांना काय झेपेल हे मीच परस्पर ठरवून टाकले होते. अण्णा, ही कबुली मुद्दाम देते आहे. पुढे जे लिहीन ते तुझ्याहून शहाणी म्हणून लिहीत नाही.

मग मी घाबरतच निवड बदलली. एक खुनाची कादंबरी, एक समुद्राच्या तळाविषयी, एका परिचारिकेचे आत्मचरित्र आणि एक कामगार कायद्यांवरचे. कादंबरीने घोटाळा केला. खुनी कोण हे उलगडायच्या वेळी सगळ्यांचे हात सैल पडले आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात तपासणाऱ्याने ढिल्या बिड्यांचा ढीग बाजूला काढला. रुक्माबाई परत येऊन म्हणाल्या, "खून त्यानं केला आणि सजा आमाला!" गोष्टी बंद कराव्यात असे दोघींचे मत पडले. तेव्हा आईने व्यवस्था लावली. पाने कापताना आत्मचरित्र, कारण तिथे माणूस सरळ बोलत असतो. बिडी वळताना माहितीचे पुस्तक. गोष्ट मात्र संध्याकाळी बिड्यांचे कट्टे बांधतानाच. "माहिती हळूहळू आत शिरती," ती म्हणाली, "गोष्ट एकदम मानगूट धरती. मानगूट धरल्यावर हात कसं चालायचं?" त्या दिवसापासून ढिल्या बिड्या थांबल्या. शिवाय संध्याकाळची गोष्ट चुकू नये म्हणून घरी लवकर पळणाऱ्या जयाबाई सर्वांत शेवटी उठू लागल्या.

वर्षभरात आमची एकाहत्तर पुस्तके झाली. निवडताना मी अजून चुकते. खगोलशास्त्राचे एक इतके रटाळ निघाले की जयाबाईंना वळता वळता झोप लागली. पण आता यादी मी वाचून दाखवते आणि निवडते आई. हृदयाच्या झडपा, पेशव्यांच्या काळातली टपालव्यवस्था, प्रेमकथा, हिमालयातला प्रवास; दोन पुस्तके एकासारखी एक ती कधी घेत नाही. "रोज आमटीच कुणी खातंय व्हय?" एवढेच तिचे कारण. वाचनालयाचे महादेव सर मला सारखे विचारत, की ही निवड कोण करते. मला बोलायला धीर होईना, म्हणून एका कागदावर सगळे लिहून दिले. त्यांनी ऑक्टोबरातल्या खरेदीच्या बैठकीला आईलाच बोलावले. अण्णा, तिथे दोन प्राध्यापक होते, एक निवृत्त मुख्याध्यापक होते. आई हिरव्या लुगड्यात खुर्चीच्या कडेवर बसली होती. तिला मत विचारले तेव्हा म्हणाली, "सायेब, त्या परिचारिकेचं बाळंतपण बाप्या माणूस वाचतोय. त्येला काय ठावं कळ कशी येती? बाईचं पुस्तक बाईच्या आवाजात घ्या." मुख्याध्यापकांनी ते वहीत लिहून घेतले. मी मागच्या बाकावर होते आणि आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले, की सर्वांनी माझ्याकडे पाहावे, ही माझी आई आहे म्हणून.

आता येत्या जानेवारीपासून तिला पुस्तक निवड समितीवर घेतले आहे. त्याचा फॉर्म घरी आला. व्यवसायाच्या रकान्यात मी "बिडी कामगार" लिहिले होते. मंगळवारी तुझा फोन झाल्यावर ती म्हणाली, "ते खोड. घरकाम लिव्ह. पोराचं लगीन हाय." मी नाही म्हणाले. आईला मी याआधी कधी नाही म्हटले नव्हते. तिने हातातली बिडी सुपात ठेवली. मग म्हणाली, "तोंड हाय व्हय गं तुला?" आणि तिसरीच्या वर्गात शिकलेल्या मोठ्या अक्षरात खाली सही केली. फॉर्म काल दिला. पण रविवारचे तसे नाही. तुला शब्द दिला आहे म्हणून त्या दिवशी ती सगळे हलवील, बायकांना परत पाठवील आणि पाहुण्यांसमोर "घरीच असते" म्हणेल. माझे ती ऐकणार नाही. त्या शब्दातून तिला फक्त तूच मोकळे करू शकतोस, हे सांगण्यासाठीच हे पत्र. मुलीला आणि तिच्या आईवडिलांना आधी तूच सांग, आपली आई काय करते आणि काय निवडते. मग आईला फोन कर. पत्र शनिवारपर्यंत पोहोचेल असे पोस्टाच्या खिडकीवरचे गृहस्थ म्हणतात. म्हणजे तुझ्याकडे एक दिवस राहतो.

तुझीच,
सुविधा

निपाणी, स्पीड पोस्टाने पाठवले: गुरुवार, २० नोव्हेंबर २०२५, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे.