साध्या फळीवरची गोळी

दादा,

रागावू नकोस असं म्हणणार नाही. रागवायचा तुला हक्क आहे, म्हणूनच हे पत्र तुला पोचणार नाही.

आपल्या औषधाच्या दुकानात झोपेच्या गोळ्या मी कुलपात ठेवते. कायदा तसा आहे, आणि तुझा हातही त्यांच्याकडे वळायचा. दारू सोडवायची गोळी मात्र साध्या फळीवर असते. ती घेऊन वर दारू प्यायली, की तोंड लाल होतं आणि उलट्या होतात. आठ महिने रोज सकाळी ती तू माझ्यासमोर गिळलीस.

त्या रविवारी पाहुण्यांसमोर तू भडाभडा ओकलास. "थेंबसुद्धा घेतला नाही गं," म्हणालास. मी म्हटलं, "गोळी खोटं बोलत नाही." आईनं दार दाखवलं. तू चपला हातात घेऊनच गेलास.

सोमवारी तुझ्या उशाशी खोकल्याच्या औषधाची बाटली सापडली. मीच दिलेली. बारीक अक्षरांत लिहिलं होतं, अल्कोहोल.

आईला सांगणारच होते. तेवढ्यात ती म्हणाली, "घर कसं शांत झालंय बघ." खरंच झालं होतं.

आता तू पुन्हा पितोस म्हणे. आई म्हणते, "तुझंच खरं निघालं." मी मान डोलावते.

हे पत्र कुलपातल्या गोळ्यांशेजारी ठेवतेय. किल्ली एकट्या माझ्याकडे असते. आणि हो, मला झोप गोळीशिवाय लागते.

तुझी धाकटी