बाबांच्या फोटोखालचा डबा

देवास,
३ एप्रिल २०२५

चि. शिवांगीस आईचे आशीर्वाद.

मी बरी आहे. पापड वाळत घातलेत. धारला ऊन तापलं असेल, कॉलेजात पाणी पीत जा. तुला मराठी अडखळत वाचावं लागतं, म्हणून अक्षर मोठं काढते आहे. फोनवर हे मला सांगता आलं नसतं.

तू बनवलेला गळतीचा इशारा देणारा डबा उगाच वाजतो म्हणून कोल्ड स्टोरेजवाल्यांनी तो बंद केला, आणि सोमवारी तू तो काढून आणणार, असं म्हणालीस. लेपातली मिसळ चुकली, असंही. तुझा लेख मी शब्दकोश घेऊन वाचला होता. काचेवर कथिलाच्या ऑक्साइडचा पातळ लेप, त्यात दुसऱ्या धातूची चिमूट. अमोनिया लागला की त्यातून वीज सहज वाहते आणि डबा वाजतो. शेवटी लिहिलं होतंस, की इतर धुरावाफांनीही तो फसू शकतो. त्या ओळीवर मी थांबले.

काल मी तिथे गेले.

हो, तिथेच. बाबा तिथल्या अमोनियाच्या गळतीत गेल्यापासून मी त्या रस्त्यानं रिक्षासुद्धा नेऊ दिली नव्हती.

मशीनघराच्या दाराशी बाबांचा हार घातलेला फोटो, आणि बरोबर खाली तुझा डबा. बाबांच्या जागी आलेला, त्यांना भिया म्हणणारा रणवीर म्हणाला, "काकीजी, ये तो रोज सुबे चिल्लाती हे. भिया की अगरबत्ती लगाई नी, के चालू!"

"लावता कुठे?"

त्यानं दाखवलं. डब्याच्या जाळीला भोकं आहेत ना, त्यातच काडी खोचायचे!

गळती मशीनघरातच होते, म्हणून डबा दुसरीकडे लावून चालत नाही, हे तूच सांगितलंस. म्हटलं, मग फोटो हलवा.

"भिया को केसे हटाएँ? वोई तो बचाते हें हमको."

"स्वतःला नाही वाचवता आलं रे त्यांना."

 त्यानं स्टूल धरलं, फोटो मी उतरवला. मग डबा चालू करून त्यानं अमोनियाच्या पाण्यात भिजवलेली चिंधी जवळ नेली. केवढ्यानं वाजला! त्या दिवशी एवढा आवाज झाला असता तर

राहू दे.

तुझा लेप चांगला आहे. सोमवारी डबा काढू नकोस.

येताना रिक्षात फोटो मांडीवर धरून बसले. बाबांना ड्यूटीवरून घरी आणायला मला फार उशीर झाला.

आम्ही दोघं घरी आहोत.

तुझी,
आई