राखाडी अक्षरं

४ ऑगस्ट, सोमवार
बदलला! सव्वीस वर्षं ज्या शेलमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला लेखी हुकूम द्यायच्या खिडकीत, कमांड टाइप केल्या, तो आज दुपारी सोडला. नवा भलताच गुणी आहे — एकदा लिहिलेली कमांड लक्षात ठेवतो, पुढच्या वेळी दोन अक्षरं टाकली की अख्खी राखाडी अक्षरांत स्वतःच दाखवतो. पटली तर बाणाची कळ दाबायची, झालं. चुकलं तर अक्षरं लाल! एप्रिलमधल्या अर्धांगाच्या झटक्यापासून उजवा हात ऐकत नाही, डाव्याने एकेक अक्षर कोरत बसायचे. आज अकरा बंदरांचे भरती-ओहोटीचे आकडे चहाच्या आत तपासून फायली जागच्या जागी ठेवल्या. मी इतकी खूश झाले की डोळ्यांत पाणी आलं.

शेजारच्या टेबलावरून वॉरिक — "ग्लेनिस, आता काय कॉम्प्युटर तुला घास भरवणार?" वीस वर्षं एका खोलीत बसतोय, कधी धड बोलला असेल तर शपथ.

५ ऑगस्ट
फजिती. उत्साहाच्या भरात नवा शेल खोलीतले सगळे वापरतो त्या सामायिक खात्यालाच लावून टाकला. जुन्या शेलच्या भाषेतली निम्मी कामं अडली. वॉरिक सकाळी माझ्या आधीच येतो — कॉफी एकट्याने प्यायला आवडते म्हणे — हे पहिल्यांदा त्याच्याच लक्षात आलं. "माझ्या घराचं कुलूप बदललंस, निदान किल्ली तरी द्यायचीस." दिवसभर दुरुस्त करत बसले. तरी मजा आली!

६ ऑगस्ट
कॉरिनने केबिनमध्ये बोलावलं. साहेब असली तरी बोलायला मऊ. "महिनाअखेरीला तुझं काम बघून ठरवू. झेपत नसेल तर हलकं काम देऊ." हलकं म्हणजे फोन उचलायचे. मला नको. मला माझी बंदरं हवीत.

१४ ऑगस्ट
ऑगस्ट म्हणजे आमच्या दक्षिण गोलार्धात ऐन हिवाळा; डोंगरावर बर्फ, ऑफिसात हीटर बंद, आणि मी गुणगुणतेय. कमांड अर्धी विसरले तरी राखाडी अक्षरं आठवण करून देतात. आज एकदाही लाल नाही.

२८ ऑगस्ट
जिंकले! कॉरिन म्हणाली, "मे महिन्यात तू कामावर परत आलीस तेव्हापासूनच्या सगळ्या फायली तपासल्या. एकही चूक नाही. बंदरं तुझीच." सगळ्यांना लॅमिंग्टन, खोबऱ्यात घोळवलेले चॉकलेटी केक, वाटले. वॉरिकला दिला नाही, मुद्दाम.

त्याला म्हटलं, आता हेच कायमचं घर, उद्या सामायिक खात्यावर आजवर लिहिल्या गेलेल्या कमांडची जुन्या शेलमधली यादीही, तारीख-वेळेसकट, यात ओतते. तर म्हणाला, "कशाला? कचरा आहे सगळा. राहू दे." आणि कान लाल. याला माझं काहीच बरं बघवत नाही.

२९ ऑगस्ट
यादी ओतली. फायलीचं नाव बदलायची कमांड लिहायला घेतली, तर राखाडी अक्षरांत भलतीच पुढे आली. मी कधीच न लिहिलेली — मी चुकीच्या नावाने ठेवलेली फाइल बरोबर नावाने ठेवणारी. तिच्यामागे दुसरी. तिसरी. मे, जून, जुलै. जवळजवळ रोज, वेळ सकाळी सहा-चाळीस. मी आठला येते.

शेवटची ४ ऑगस्टची. त्यानंतर एकही नाही, नव्या शेलच्या यादीतही.

सोमवारी लॅमिंग्टनचा अख्खा डबा नेणार आहे. सहा-चाळीसला.