आम्ही खात नाही, घासतो

१ जुलै, मंगळवार.
हेडसरांनी 'तंबाखूमुक्त शाळा' मोहिमेचा प्रमुख मला नेमलं. योग्यच. अख्ख्या तळा तालुक्यात एवढा निर्व्यसनी शिक्षक दुसरा नाही. मशेरी लावतो, पण ते दंतमंजन. आम्ही खात नाही, घासतो. दिवसातून पाच वेळा घासतो, कारण स्वच्छता. संकल्प: पंधरा ऑगस्टला सर्टिफिकेट.

४ जुलै, शुक्रवार.
गेटपासून शंभर यार्ड टेपने मोजून रस्त्यावर पिवळा पट्टा मारला. सदाची पानटपरी आत आली. उठवली. तो म्हणाला, गुरुजी, तुमचा पुडा बी हितनंच जातो, न्हाय का? म्हटलं, कायद्यापुढे सगळे सारखे. आता पुड्यासाठी मलाच नाक्यापर्यंत चालावं लागणार. समाजकार्य म्हटलं की त्याग आलाच.

५ जुलै.
पट्टा पावसात वाहून गेला. फोटो कालच काढून ठेवला होता. दूरदृष्टी.

१३ जुलै, रविवार.
तव्यावर तंबाखू भाजली. आमच्या लेकीने, प्रणालीने, नेहमीसारखी कुटून, चाळून डबीत भरून दिली. गुणी पोर. या कामाला कधी नाही म्हणत नाही. नववीच्या गणितात हा उत्साह असता तर!

१८ जुलै.
दप्तरतपासणी. मुलांकडे अकरा गुटख्याच्या पुड्या. पालकांना बोलावून झाडलं: घरात बघतात तेच पोरं करतात! टाळी पडण्यासारखं वाक्य होतं. मुलींची दप्तरं उघडली नाहीत. गरजच नाही. घरचंच उदाहरण आहे.

२४ जुलै, गुरुवार.
प्रणालीचं तोंड जळतं म्हणे. सुकटीचं कालवण पाण्यात धुऊन खाते. बायकोला सांगितलं, तिखट कमी घाल. ही म्हणाली, अहो, महिनाभर मिरची घातलेलीच नाही, पोरीला डॉक्टरला दाखवा. पंधरा ऑगस्टनंतर बघू.
डबी चार दिवसांत संपली. हिच्यावर संशय आहे.

३१ जुलै.
ऑनलाइन फॉर्म भरला. तंबाखू सेवन करणारे विद्यार्थी: शून्य. शिक्षक: शून्य. हेडसरांनी अभिनंदन केलं. तोंडात मशेरी होती, म्हणून नुसती मान हलवली.

६ ऑगस्ट, बुधवार.
शाळेत दंततपासणी. आदर्श म्हणून प्रणालीलाच सगळ्यांसमोर पहिली उभी केली. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारली, ओठ उलटा केला आणि बराच वेळ सोडलाच नाही. हिरडीवर पांढरा चट्टा. तंबाखू किती वर्षं खातेस, असं विचारलं. ती म्हणाली, खात नाही. घासते. सहावीपासून. पपांसारखी.
मुलं हसली. हसणाऱ्यांना मी अंगठे धरून उभं केलं. बाई म्हणाल्या, अलिबागला नेऊन हिरडीचा तुकडा तपासून घ्या, उद्याच. चौदा वर्षांची आहे माझी पोरगी. भीती वाटते.
संध्याकाळी डबी परसातल्या अळवात भिरकावली. प्रणालीने माझ्या गळ्याची शपथ घेतली, मी तिच्या. विषय संपला.

७ ऑगस्ट, गुरुवार. सकाळी सहा.
सातची अलिबाग एस.टी. गाठायची आहे. डोकं धरलंय. अशा अवस्थेत डॉक्टरांसमोर जाणं बरं नव्हे. एकदाच, शेवटचं, म्हणून अळवात गेलो.
प्रणाली आधीच तिथं वाकून शोधत होती. डबी तिलाच सापडली. झाकण उघडून तिनं आधी माझ्यापुढे धरली.
मी बोट बुडवलं.