सतराव्या पानाची प्रगती

११ जून, सकाळी साडेसहा

कॉन्व्हेंटच्या जिन्याखाली एक लांब बाक होतं. मधल्या सुट्टीत काडी आणि मी तिथे एकच पुस्तक घेऊन बसायचो, अर्धं तिच्या मांडीवर, अर्धं माझ्या. ती वाचायची, मी ऐकायची. तिसरीत थोरल्या सिस्टरनी वाचनाची परीक्षा घेतली तेव्हा मी अख्खं पान असं धडाधड म्हटलं की सिस्टर म्हणाल्या, ही मुलगी तर पुस्तकाकडे बघतसुद्धा नाही! त्या पान उलटणार एवढ्यात धांदरट काडीने शाईची दौत सांडली. बाकावर, फ्रॉकवर, सिस्टरच्या पांढऱ्याशुभ्र झग्यावर. परीक्षा तिथेच थांबली. काडी तासभर भिंतीकडे तोंड करून उभी. बिचारी. लहानपणापासून हाताला वळण नाही.

आज शाळा उघडते. मी मुख्याध्यापिका, काडी पर्यवेक्षिका. बावन्न वर्षांची मैत्री. तिला काडी म्हणतात कारण ती तशी आहे. मला ती ढमी का म्हणते ते लिहायची गरज नाही.

हे माझं शेवटचं वर्ष. म्हणजे कागदावर. समितीने दोन वर्षांची मुदतवाढ दिली की शेवटचं नाही. चिटणीस म्हणाले, बाई, शाळेच्या सुधारणेची ध्येयं ठरवा, मोजून दाखवा, मग बघू. 'मग बघू' म्हणजे होच. मी माणसं ओळखते.

११ जून, संध्याकाळ

स्टाफ मीटिंगमध्ये ध्येयं जाहीर केली. एक, डिसेंबरपर्यंत तिसरीतली पस्तीस मुलं एका मिनिटात एक पान वाचतील. दोन, जिन्यात शांतता. तीन, स्टाफ मीटिंग अर्ध्या तासात आटपणार.

आजची मीटिंग दोन तास दहा मिनिटं चालली. पण त्यातला दीड तास मी वेळेच्या महत्त्वावर बोलले. तो धरायचा नाही.

१४ जून

पीटीच्या सरांकडून स्टॉपवॉच आणलं. तिसरीत एक्केचाळीस मुलं. पुस्तक उघडलं ते सतराव्या पानावर, तेच घेतलं. धोब्याचं गाढव हरवतं, धोबी गावभर शोधतो, त्याची बायको म्हणते, अहो, जरा आधी... आणि पान संपतं.

एक्केचाळीसपैकी अकरा. वाईट वाटलं, पण सुरुवात वाईट असलेलीच बरी, आलेख चढता दिसतो.

दर शुक्रवारी हेच पान घ्यायचं ठरवलं. काडी म्हणाली, ढमे, पान दर वेळी बदल. मी म्हटलं, दर वेळी पट्टी बदलली तर उंची कशी मोजणार? शास्त्र आहे ते. तिला पटलं. चहा मात्र गार झाल्यावर प्यायली.

२८ जून

ऑफिसबाहेर आलेखासाठी मोठा कार्डबोर्ड लावला. पेन्सिलीची रेघ कोणाला दिसते! मी लाल लोकर टाचणीने लावत जाणार. लोकर माझ्याच घरची. यांच्या स्वेटरची होती. हे म्हणाले, म्हणजे स्वेटर आता शाळा घालणार का? यांच्याकडे दूरदृष्टी नाही.

आज चौदा.

१९ जुलै

सतरा.

ध्येय क्रमांक दोन पूर्ण! आज जिन्यात चार वेळा गेले. चारही वेळा टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मावशी झाडत होत्या. म्हणाल्या, बाई, तुम्ही आलात की पोरं भिंतीला चिकटतात, तुम्ही गेलात की पुन्हा बाजार. पण मी नसताना काय होतं ते मी कसं मोजणार? शंभर टक्के लिहून टाकलं.

ध्येय क्रमांक तीन सध्या बाजूला ठेवलंय. एका वेळी एकाच गोष्टीत जीव ओतावा.

९ ऑगस्ट

सव्वीस! तिसरीच्या बाई सोन्यासारख्या. रोज सकाळी, दुपारी आणि घरी सोडण्याआधी सगळ्या वर्गाकडून सतरावं पान मोठ्याने म्हणवून घेतात. पलीकडच्या चौथीलाही पाठ झालं. याला म्हणतात पूर्ण शाळेची सुधारणा.

काडी पुन्हा तेच. ढमे, पान बदल. मी हसून सोडून दिलं. पण मनात आलं, हिला माझं यश बघवत नाही की काय? बावन्न वर्षांत पहिल्यांदाच असा विचार आला. स्वतःची लाज वाटली. पंधरा मिनिटं.

१६ ऑगस्ट

मावशींनी बातमी आणली. काडी रोज मधल्या सुट्टीत नकाशांच्या खोलीत तिसरीतली आठ मुलं घेऊन बसते. दार लावून. आत काय करते विचारलं तर म्हणाल्या, मी काय दाराला कान लावते का! मग जरा थांबून म्हणाल्या, आणि लावला तरी काही कळत नाही, फार हळू बोलतात.

आठ मुलं का? दार का? माझ्यापासून काय लपवायचंय? पूर्वी तिच्या वेणीची रिबीनसुद्धा मी बांधायची.

संकल्प : मैत्रिणीवर संशय घ्यायचा नाही.

३० ऑगस्ट

संशय अजिबात नाही. नकाशांच्या खोलीवरून आज तीनदा गेले ते दाराच्या बिजागऱ्या बघायला. खोलीची जादा किल्ली करून घेतली. इमारतीच्या सुरक्षेसाठी.

२० सप्टेंबर

अडतीस!! ठरवलं होतं पस्तीस. ध्येय तीन महिने आधीच मागे टाकलं.

एक मजा. मागच्या बाकावर दोन शेंड्यांची एक मुलगी बसते, मान कायम खाली. तिने पुस्तक उलटं धरून चव्वेचाळीस सेकंदांत पान म्हटलं. मी पुस्तक सरळ करून दिलं, तर अडखळायला लागली. पुन्हा उलटं धरू दिलं. प्रत्येक मुलाची शिकण्याची पद्धत वेगळी असते, हे मी ट्रेनिंगमध्ये नेहमी सांगते.

जाता जाता तिने विचारलं, बाई, गाढव सापडलं का हो? म्हटलं, आधी स्पीड वाढव.

११ ऑक्टोबर

एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस. लोकर कार्डबोर्डच्या वर निघाली. भिंतीवर चिकटपट्टीने पुढे नेली, आता विजेच्या मीटरपर्यंत आली आहे.

यांना म्हटलं, पुढचं ध्येय पंचेचाळीस. हे म्हणाले, एक्केचाळीस मुलांपैकी पंचेचाळीस? मी म्हटलं, ध्येय नेहमी आवाक्याच्या थोडं वर असावं. हे शब्दकोड्यात डोकं घालून म्हणाले, चार पोरं आपण दत्तक घेऊ. यांच्याशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

८ नोव्हेंबर

समितीचं पत्र. बावीस तारखेला एक तपासनीस बाई येणार, प्रगती प्रत्यक्ष मोजणार, आणि त्यावर मुदतवाढ ठरणार. या माझ्या सुधारणेवर! मी चष्म्याला नवी फ्रेम केली. फोटो निघतीलच.

१७ नोव्हेंबर, रविवार

काडी घरी आली होती. बिस्किटं आणली, एकही खाल्लं नाही. म्हणाली, ढमे, त्या तपासनीस बाईंना आधीच आपण दोघी मिळून सांगू. मोजायची पद्धत चुकली म्हणू, आणि किती मुलं मागे आहेत ते खरं सांगू. अजून वेळ आहे. मी म्हटलं, कोण मागे आहे? आलेख मीटरपर्यंत गेलाय. तर म्हणाली, आलेख तुझा गेलाय, पोरं तिथेच आहेत. कोणी वाचायलाच बसवलं नाही त्यांना.

मग सगळं लख्ख दिसलं. मला मुदतवाढ मिळाली नाही तर खुर्ची कोणाची? हिची. म्हणून पान बदल, म्हणून बंद दार, म्हणून बिस्किटं.

ती गेल्यावर मी सगळी बिस्किटं खाल्ली. रागाने.

२२ नोव्हेंबर

लिहावंसं वाटत नाही.

तपासनीस बाई हसतमुख. पहिल्या तीन मुलांनी सतरावं पान चाळीस सेकंदांच्या आत. बाई म्हणाल्या, वा! मी चष्मा नीट केला. तेवढ्यात खिडकीपाशी उभी असलेली काडी म्हणाली, बाई, पुढचं पान घेऊन बघा.

अठरावं पान. वर्गात इतकी शांतता की मला जिन्याचं ध्येय आठवलं.

पहिला म्हणाला, हे आम्हाला नाही. दुसऱ्याने सतरावंच पुन्हा म्हटलं. तिसरी मुलगी रडायला लागली. तिसरीच्या बाई पदर नाही म्हणून रुमालात तोंड लपवून बसल्या. मी काडीकडे बघितलं. तिच्या शेजारच्या टेबलावर हजेरीची दौत होती. हातभर अंतरावर. ती हलली नाही.

मग मागच्या बाकावरची मुलगी उठली. पुस्तक सरळ धरलं. अक्षराखाली बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत, चार मिनिटं वाचत राहिली. मी सवयीने स्टॉपवॉच दाबलं होतं, ते मधेच बंद केलं. बायको म्हणते, अहो, जरा आधी घरामागे बघा. धोबी बघतो. गाढव सगळा वेळ तिथेच उभं. ती वाचता वाचता थांबली आणि एकदम हसली. म्हणाली, सापडलं!

एकोणीस मुलं वाचू शकली. जूनमधली अकरा, आणि नकाशांच्या खोलीतली आठ.

२३ नोव्हेंबर

बावन्न वर्षं. तापात हिच्या उशाशी बसले. हिच्या आईच्या शेवटच्या आजारपणात रजा काढली. आणि हिने भर वर्गात, परक्या बाईसमोर. नावच काडी, लावली.

संकल्प : तिच्याशी एक अक्षर बोलायचं नाही.

यांना सगळं सांगितलं. वाटलं, निदान हे तरी माझ्या बाजूने. हे म्हणाले, पण मग ती आठ मुलं वाचतात ना? घरातसुद्धा फितुरी.

२५ नोव्हेंबर

बोलले. मी गप्प राहू शकत नाही, हा माझा गुण आहे.

ऑफिसचं दार लावून मी विचारलं, का केलंस? काय वाईट केलं होतं मी तुझं? ती बसलीसुद्धा नाही. म्हणाली, खुर्ची नको मला, तूच बस त्यात मरेपर्यंत. मी म्हटलं, मग आपली इतक्या वर्षांची मैत्री?

तेव्हा म्हणाली, ढमे, कॉन्व्हेंटमध्ये ती दौत माझ्या हातून सांडली नव्हती. मी सांडली होती. सिस्टर पान उलटणार होत्या आणि तुला एक अक्षर वाचता येत नव्हतं. मला माहीत होतं, मीच तुला ते पान पाठ करून दिलं होतं. मग चौथीपर्यंत रोज जिन्याखाली बसवून तुला वाचायला शिकवलं. तू एकटी होतीस, जमलं. ही एक्केचाळीस आहेत. मी एकटी किती शाई सांडू?

आणि डोळे पुसून गेली. जाताना दार हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

२६ नोव्हेंबर

तसं मला वाचता येत होतं. थोडं. मोठी अक्षरं.

२७ नोव्हेंबर

नव्हतं येत.

६ डिसेंबर

चिटणीसांचं पत्र. दीर्घ सेवेबद्दल आभार. मुदतवाढ नाही. वाचनाचं काम आजपासून पर्यवेक्षिकांकडे, मार्चअखेर पदभारही त्यांच्याकडे. चिटणीसांच्या शब्दाचा काय भरवसा! 'मग बघू' म्हणाले होते. आणि बघितलं.

१४ फेब्रुवारी

काडी रोज नवं पान घेते. बाहेर आलेख नाही, लोकर नाही. दर शुक्रवारी तिच्या वहीत मुलांची नावं आणि शेजारी काय अडलं ते. जोडाक्षर अडलं, वेलांटी अडली. मी चोरून बघितलं. त्याला काय मोजमाप म्हणतात? एकूण संख्यासुद्धा लिहिलेली नाही.

मी मोजली. एकतीस.

३१ मार्च, दुपारी चार

कपाट रिकामं केलं. निरोप समारंभ झाला, कोणी तरी चांगलं बोललं, मी नीट ऐकलं नाही. मावशी म्हणतात, बाई, कोणाचं काय ते लिहून ठेवा, नंतर माझ्या डोक्याला ताप नको. म्हणून लिहिते.

स्टॉपवॉच पीटीच्या सरांना. ते धावणाऱ्यांसाठीच असतं.

लाल लोकर मावशींना, नातीच्या टोपीसाठी. भिंतीवरून त्यांनीच उतरवून गुंडाळली आहे. टोपी होऊन मोजेही होतील, प्रगती बरीच लांब गेली होती. उरली तर यांच्या स्वेटरची एक बाही.

माझी खुर्चीवरची उशी तिसरीच्या बाईंना. त्यांना सांगावं, रडू नका, पान मीच दिलं होतं.

धोब्याच्या गाढवाचं पुस्तक मागच्या बाकावरच्या मुलीला. सतरावं पान बोटं लागून लागून फाटलंय, ते चिकटवू नये. तिला ते लागणार नाही.

नकाशांच्या खोलीची जादा किल्ली काडीला. ती कुठून आली असं तिने विचारलं तर मावशींनी माहीत नाही म्हणावं.

आणि माझ्या टेबलावरची शाईची दौत, तीही काडीलाच. भरलेली आहे. झाकण घट्ट लावू नये.