टायरांचा नारळ

मिनल,

भाजीला चालले. दमलीस म्हणून उठवलं नाही.

काल घाटातल्या ओल्या वळणावर म्हैस आडवी आली आणि आपली गाडी जागच्या जागी थांबली. ओवी माझ्या मांडीवर होती. टायर घेताना नीलेश म्हणत होता, फोर बाय फोर गाडीला चिखलाचे जाड टायरच शोभतात. मीही म्हटलं, सुनेला टायरातलं काय कळतं! तू हट्टानं बारमाही चालणारे घेतलेस, डांबरावर धरणारे, गावच्या मातीतही चालणारे. पोर वाचली गं.

देव्हाऱ्यात नारळ ठेवलाय. आपल्यात गाडीपुढे पुरुषच फोडतात. आज तू फोड. नीलेशला खोबरं किसायला बसव. वड्या मात्र मी आल्यावर करीन. तुला टायर कळतात, वड्या नाही.

आई