शेवटपर्यंत वाचलेली यादी

प्रगतीचे बाबा,

त्या सकाळी मी भाकरी थापत होते. तुम्ही जाऊन तीन वर्षं झाली, तरी पीठ अजून तिघांचंच भिजवते. प्रगती चुलीपाशी फोन घेऊन बसली होती. बासरच्या विद्यापीठात गेल्या वर्षी घेतलेल्या मुलांची, गुणांप्रमाणे लावलेली यादी तिनं उघडली आणि वरचे आकडे बघूनच रडवेली झाली.

“माझा नंबर नाही लागत, आई. मी अर्जच भरत नाही.”

मी हात धुऊन फोन घेतला. किराण्याच्या पुड्यांचे कागद वाचत शिकलेली मी, हाती आलेलं शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय सोडत नाही. एकेक आकडा वाचत खाली गेले.

“आई, भाकर जळून राह्यली!”

“जळू दे. या शेवटच्या पोरीला तुझ्यापेक्षा नऊ गुण कमी हायेत. तिला घेतलं, मंग तुला काऊन नाही घेणार?”

प्रगतीनं फोन हिसकावला, दोनदा पाहिलं आणि मला कमरेला धरून उचललंच! तुमच्यामागं या घरात आम्ही एवढ्या मोठ्यानं पहिल्यांदाच हसलो.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन मी गुडीहत्नूरला, ऑनलाइन अर्ज भरून देतात त्या केंद्रात गेले आणि अर्ज भरून आले.

तुमची,
चंपा